कॅन्सस जेहॉक्स : हा संघ नेमका कोणी घडवला?

कडुलिंब
बरीच वर्षं कॅन्सस सिटीच्या कुशीतल्या ओव्हरलँड पार्कला राहतोय. इथून पाऊण तासावर लॉरेन्स, आणि तिथं युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस. नोव्हेंबर उजाडला की एप्रिलपर्यंत ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या शाळेबाहेर एकच विषय : जेहॉक्स, म्हणजे विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ. मराठीत या संघावर कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी शोधला. थंडीत मुलांना घरात खेळता यावं म्हणून गॅलरीला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम टाइप करून भिंतीवर लावले. पुढे नेस्मिथ डॉक्टर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्ससला आले. कामं दोन : प्रार्थनासभा चालवायची आणि व्यायाम शिकवायचा. संघ त्यांनी ओघातच उभा केला. पहिला सामना फेब्रुवारी १८९९ मध्ये कॅन्सस सिटी वायएमसीएशी झाला, तो १६-५ असा हरले. त्यांची एकूण कारकीर्द ५५ विजय, ६० पराभव. खेळाचा जनक हाच या विद्यापीठाच्या इतिहासातला विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला एकमेव कोच!

नेस्मिथना त्याचं काही वाटलं नाही. हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असं ते म्हणत. त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलननं हे अजिबात ऐकलं नाही. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ ते १९५६ असा तो कॅन्ससचा कोच होता. सराव कसा घ्यायचा, बचाव कसा रचायचा, दुखापतीवर काय करायचं, सगळं त्यानं शास्त्र म्हणून मांडलं.

माझं मत स्पष्ट आहे. खेळ नेस्मिथचा, पण संघ ॲलनचा. एकच माणूस निवडायचा तर तुम्ही कुणाला निवडाल?

खमंग_ढोकळा
वाचतेय. एक बाळबोध प्रश्न : कॉलेजच्या संघाला एवढं डोक्यावर का घेतात? आपल्याकडे विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा कॅप्टन कोण, हे त्याच्या वर्गातल्या मुलांनाही माहीत नसतं.

कडुलिंब
ढोकळाताई, प्रश्न अगदी रास्त आहे. कॅन्सस राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगमधला, संघच नाही. लॉरेन्स लाखभर वस्तीचं गाव. तिथल्या ॲलन फील्डहाउसमध्ये १५ हजारांवर माणसं बसतात आणि वर्षानुवर्षं ते भरतं. ज्यांनी कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही असे शेतकरीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या हा संघ आपला मानतात.

दुसरं म्हणजे मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा. ६८ संघ, एक सामना हरलात की घरी. सर्वोत्तम संघही एका वाईट रात्री बाहेर जातो. त्यामुळे अख्खा देश तीन आठवडे टीव्हीला चिकटलेला असतो.

रानवाटा
ॲलनला +१. त्याची अजून दोन कामं सांगतो. १९२७ मध्ये नियम समितीनं ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, एकदाच करता येईल असा नियम काढला होता. ॲलन उभा राहिला, देशभरचे कोच एकत्र केले आणि त्या निषेधातून कोचेसची राष्ट्रीय संघटना जन्माला आली. त्याच संघटनेनं १९३९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. म्हणजे आज जो मार्च महिना लोक जगतात त्याचं मूळ तिथं आहे.

दुसरं, ऑलिंपिक. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला तो ॲलननं वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे. कोचेसनी वर्गणी काढून म्हाताऱ्या नेस्मिथना तिथं पाठवलं. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू टप्पा घेईना. अमेरिका १९, कॅनडा ८!

विदर्भ_एक्सप्रेस
मी नेस्मिथच्या बाजूनं. ॲलन कितीही मोठा असो, नेस्मिथ कॅन्ससला आलेच नसते तर ॲलन त्यांच्या हाताखाली खेळला असता का? बी कुणी पेरलं ते महत्त्वाचं.

आणि हे बी आपल्यापर्यंतही त्याच वाटेनं आलंय. स्प्रिंगफील्डच्याच शाळेत शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. तिथून शिकून गेलेले मास्तर देशभरच्या शाळांत पोचले. आमच्या नागपूरच्या शाळेत पीटीचे सर होते, ते मद्रासला शिकलेले. मातीचं मैदान, गंजलेली रिंग, जाळी कधीच नाही. चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावरून रोज भांडण. पण सर पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, शिकवताना बुटाच्या टाचेनं मातीत गोल काढायचे, आणि पाय त्या गोलाबाहेर गेला की शिट्टी. ते अजून अंगात आहे.

त्रिफळा
नेस्मिथ की ॲलन हे चालू द्या, पण विल्ट चेंबरलेनचं नाव अजून कसं नाही आलं?

फिलाडेल्फियाचा सात फुटांहून उंच पोरगा. देशातली झाडून सगळी विद्यापीठं त्याच्या मागं, आणि तो आला कॅन्ससला, १९५५ मध्ये. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती. तरी नव्या मुलांचा संघ विरुद्ध मुख्य संघ अशा सामन्यात त्यानं ४२ गुण ठोकले. ॲलननं त्याला आणलं, पण राज्याच्या नियमाप्रमाणे ७० व्या वर्षी निवृत्त व्हावं लागलं, आणि ज्याच्यासाठी जीव टाकला त्या खेळाडूला एकाही अधिकृत सामन्यात शिकवता आलं नाही. ॲलननं मुदतवाढीसाठी खूप खटपट केली. मिळाली नाही. डिक हार्प कोच झाला. मुख्य संघातल्या पहिल्याच सामन्यात, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध, विल्टचे ५२ गुण आणि ३१ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर झेललेले चेंडू).

आता १९५७ चा अंतिम सामना. घरच्या अंगणात, कॅन्सस सिटीत. समोर नॉर्थ कॅरोलायना, हंगामात एकही पराभव नाही, पण आदल्याच रात्री मिशिगन स्टेटशी तीन ओव्हरटाइम खेळून दमलेली. त्यांचा कोच फ्रँक मॅग्वायर यानं सुरुवातीच्या उडीसाठी विल्टसमोर कुणाला पाठवलं? संघातल्या बुटक्यांपैकी एक, टॉमी कर्न्स, ५ फूट ११ इंच! उडी जिंकायची नव्हतीच, विल्टच्या डोक्यात किडा सोडायचा होता. मग सामनाभर विल्टभोवती तिघंतिघं. तरी त्याचे २३ गुण. पुन्हा तीन ओव्हरटाइम. शेवटचे ६ सेकंद उरले असताना नॉर्थ कॅरोलायनाच्या जो क्विगनं दोन फ्री थ्रो (दंडाचे मोकळे फटके) टाकले आणि ५४-५३. कॅन्ससनं विल्टकडे फेकलेला शेवटचा पास त्याच क्विगनं हातानं उडवला.

स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू विल्टच ठरला, पण त्याला वाटत राहिलं की आपण सगळ्यांना निराश केलं. १९५८ मध्ये तो गेला आणि कित्येक वर्षं फिरकला नाही. जानेवारी १९९८ मध्ये त्याच्या जर्सीचा सन्मान करायला बोलावलं तेव्हा आला, विद्यापीठाचं जुनं जाकीट घालून. सगळं फील्डहाउस उभं राहिलं. पुढच्याच वर्षी तो वारला.

माझ्या लेखी या संघाला काळीज दिलं ते त्या पराभवानं.

खमंग_ढोकळा
अहो त्रिफळा, मी भाजी करपवली तुमचा प्रतिसाद वाचताना. १९९८ चं वाचून तर डोळे भरले.

शेवंती
त्रिफळा, सुंदर लिहिलंत. पण विल्टची गोष्ट मैदानाबाहेरही आहे. तो आला तेव्हा लॉरेन्समधली कितीतरी हॉटेलं कृष्णवर्णीयांना टेबलावर वाढत नसत. विल्ट सरळ आत जाऊन बसायचा. एवढ्या मोठ्या खेळाडूला उठ म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि तो बसला की मग इतरांनाही नाही म्हणणं जड जायचं.

मात्र मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो कॅन्ससच्या संघातून एकही सामना खेळला नाही. जॉन मॅक्लेंडन. १९३३ मध्ये तो शारीरिक शिक्षण शिकायला आला. कृष्णवर्णीय मुलांना बास्केटबॉल संघाचं दार बंद होतं. कोच कोण? फॉग ॲलन. नेस्मिथ तेव्हा म्हातारे झाले होते, संघाशी संबंध उरला नव्हता, पण त्यांनी या मुलाला जवळ केलं, मार्गदर्शक झाले. अभ्यासक्रमात पोहणं सक्तीचं होतं. मॅक्लेंडन तलावात उतरला तर नंतर तलावातलं पाणी काढून टाकलं गेलं. तो मागं हटला नाही.

१९३६ मध्ये पदवी घेऊन तो नॉर्थ कॅरोलायनात कोच झाला. संघाला पळवत ठेवणारा वेगवान खेळ त्यानं तिथं घडवला. मार्च १९४४ मध्ये, रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असताना, त्याच्या कृष्णवर्णीय संघानं ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या मुलांशी बंद दाराआड सामना खेळला. तिथं असा सामना कायद्यात बसत नव्हता. प्रेक्षक नाहीत, बातमी नाही. मॅक्लेंडनचा संघ ८८-४४ नं जिंकला. पुढे टेनेसी स्टेटच्या संघाला त्यानं १९५७, ५८ आणि ५९ असं सलग तीनदा एनएआयए या लहान कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मिळवून दिलं.

कॅन्ससच्या मुख्य संघात कृष्णवर्णीय खेळाडू, लव्हॅनस स्क्वायर्स, आला तो थेट १९५१ मध्ये. तेव्हा कडुलिंबदादा, "संघ ॲलनचा" म्हणताना ही दोन दशकंही ॲलनच्याच खात्यात मांडा.

रानवाटा
शेवंतीताई, मुद्दा मान्य, पण त्या काळी त्या भागातल्या बहुतेक विद्यापीठांचा तोच शिरस्ता होता. एकट्या ॲलनवर किती टाकायचं?

शेवंती
सगळ्यांचा शिरस्ता होता हे खरं. पण ड्रिबलसाठी देशभरच्या कोचेसना एकत्र करणारा, ऑलिंपिकसाठी वर्षानुवर्षं भांडणारा माणूस होता तो. भांडायचं कशासाठी हे त्यानं निवडलं होतं. नेस्मिथनी वेगळं निवडलं, त्याच गावात, त्याच इमारतीत.

जुना_लॉरेन्सकर
मंडळी, या धाग्यावर न लिहिणं शक्य नाही. मी १९८८ मध्ये तिथं एम.एस. करत होतो. आम्ही चार मराठी मुलं एका भाड्याच्या घरात. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या वर्षी संघ डळमळत होता. हंगामाच्या मध्याला १२ विजय, ८ पराभव. एकेक खेळाडू जायबंदी. उरलेल्यांत एकच खरा मोठा, डॅनी मॅनिंग. लोक म्हणायचे डॅनी आणि बाकी चमत्कार. अंतिम सामना ओक्लाहोमाशी, ज्यांनी त्याच हंगामात आपल्याला दोनदा धुतलं होतं. पुन्हा कॅन्सस सिटीतच. मध्यंतराला ५०-५०. एवढ्या वेगानं ओक्लाहोमाबरोबर पळायचं म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणत होते. उत्तरार्धात आपला कोच लॅरी ब्राउननं खेळ संथ केला. ८३-७९. मॅनिंगचे ३१ गुण, १८ रिबाउंड. ११ पराभव होऊनही विजेता, असं आधी कधी झालं नव्हतं.

सामना संपताच आम्ही चपला घालून तसेच पळालो मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर. लोक खांबांवर चढलेले. एका आजोबांनी माझे दोन्ही हात धरले आणि १९५२ चा सामना सांगायला लागले : सेंट जॉन्सशी ८०-६३, क्लाइड लव्हलेटचे ३३ गुण. त्यांचा हात कापत होता आणि मला सोडवत नव्हतं. आपण परके आहोत ही जाणीव त्या रात्री माझ्या मनातून कायमची गेली.

तिथला नाद शब्दांत सांगणं अवघड, तरी सांगतो. विजय निश्चित झाला की हजारो लोक खांद्याला खांदा लावून, अगदी खालच्या पट्टीत "रॉक चॉक, जेहॉक, के यू" म्हणतात. घाई नाही, ओरडा नाही, स्वर लांबवत जातात. १८८६ मध्ये रसायनशास्त्राच्या बेली नावाच्या प्राध्यापकांनी आणि विज्ञान मंडळानं ही घोषणा बांधली. प्रतिस्पर्ध्याच्या पोटात त्या आवाजानं गोळा येत असणार. बाकी कल्लोळाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथं १३०.४ डेसिबल मोजले गेले. विक्रमच तो.

कोपऱ्यातला_दिवा
काका, मजा आली. पण १९८८ चा दुसरा अर्धाही सांगायला हवा. त्या विजयानंतर ब्राउन सॅन अँटोनिओच्या एनबीए संघाकडे निघून गेला, आणि खेळाडू आणताना नियम मोडल्याबद्दल संघावर बंदी आली. १९८९ च्या स्पर्धेत विजेत्यांना उतरताच आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

आणि अलीकडचं. २०१७ मध्ये बूट कंपन्यांकडून कॉलेज खेळाडूंच्या घरच्यांकडे जाणाऱ्या पैशांची एफबीआयनं चौकशी केली, त्यात कॅन्ससचंही नाव आलं. निकाल लागला ऑक्टोबर २०२३ मध्ये. २०१७-१८ हंगामातले १५ विजय आणि फायनल फोरची (शेवटच्या चार संघांत पोचल्याची) नोंद खोडली गेली. कोच बिल सेल्फच्या काळात २००५ ते २०१८ अशी सलग १४ लीग विजेतेपदं मैदानावर मिळवली, यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या १३ च्या पुढं. पण शेवटच्या वर्षावर काट बसलीच.

मला राग खेळाडूंचा येत नाही. हॉल भरायचा त्यांनी, टीव्हीचे कोट्यवधी डॉलर यायचे त्यांच्या घामावर, आणि २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर चार पैसे कमवायचीही मुभा नव्हती. या व्यवस्थेत चोरवाटा निघणारच होत्या.

खमंग_ढोकळा
आता मला व्यसन लागलंय. २०२२ चं कुणीतरी सांगा, भाचा सारखं म्हणतो.

त्रिफळा
ढोकळाताई, आज भाजी आधी उतरवून ठेवा.

२०२० पासून सुरू करू. कॅन्सस २८ विजय, ३ पराभव, देशात पहिल्या क्रमांकावर, आणि कोविडमुळे स्पर्धाच रद्द. त्या मुलांचं काय झालं असेल! त्यातले ओचाय अग्बाजी आणि डेव्हिड मॅकॉर्मॅक टिकून राहिले. २०२२, न्यू ऑर्लिन्स, समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. पूर्वार्धात १६ गुणांनी मागं, मध्यंतराला ४०-२५. अंतिम सामन्यात एवढ्या पिछाडीवरून कुणी कधी जिंकलं नव्हतं. शेवटी मॅकॉर्मॅकनं रिंगखाली दोन बास्केट केले, ७२-६९. ६५ वर्षांनी १९५७ ची परतफेड झाली असं मी म्हणतो, कुणी काही म्हणो.

२००८ सुद्धा बघायला सांगा भाच्याला. मेम्फिस दोन मिनिटं उरली असताना ९ गुणांनी पुढं. मग त्यांचे फ्री थ्रो चुकू लागले. शेवटचे दोन सेकंद आणि थोडं उरलेलं असताना मारिओ चाल्मर्सनं लांबून तीन गुणांचा फटका टाकून बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये ७५-६८.

नागपाडा_कोर्ट
अवांतर आहे पण राहवत नाही. नागपाड्याच्या गल्लीत वाढलो. मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर संध्याकाळी जागा मिळायची नाही. अब्बास मुंतसिर, भारताचे कॅप्टन, अर्जुन पुरस्कारवाले, आमच्याच भागातले. मोठी पोरं छोट्यांना शिकवायची, फी नाही, पावती नाही. सिनियर येऊन कोपर धरून सरळ करणार : "हाथ छोड, कलाई मोड." आजही मी मुलांना तसंच शिकवतो.

त्यामुळे कॅन्ससच्या इतिहासात मला विजेतेपदांपेक्षा साखळी भावते. नेस्मिथचा चेला ॲलन. ॲलनच्या हाताखाली अडॉल्फ रप खेळला, तो केंटकीचा कोच झाला. १९५२ च्या विजेत्या संघातला डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाला गेला, तिथं ३६ वर्षं. त्याचा सहायक रॉय विल्यम्स १९८८ मध्ये कॅन्ससला आला, १५ वर्षांत चारदा फायनल फोर गाठून २००३ मध्ये पुन्हा नॉर्थ कॅरोलायनाला परतला. विद्या फिरून फिरून घरी येते आणि पुन्हा जाते.

शेवंती
नागपाडा, फार छान. फक्त त्या साखळीत मॅक्लेंडनची कडी घाला. रपवरून आठवलं : १९६६ मध्ये टेक्सस वेस्टर्ननं पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी सुरुवात करून अंतिम सामन्यात रपच्या केंटकीला ७२-६५ हरवलं. त्याच स्पर्धेत आधी, विभागीय अंतिम सामन्यात, त्यांनी कॅन्ससला दोन ओव्हरटाइमनंतर ८१-८० नं हरवलं होतं. पहिल्या ओव्हरटाइमच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाइटचा फटका आत गेला होता, पण पाय मैदानाच्या कडेच्या रेषेवर पडला म्हणून बाद दिला. तो धरला असता तर तो ऐतिहासिक अंतिम सामना झालाच नसता.

जुना_लॉरेन्सकर
शेवंती, जो जोचा तो पाय रेषेवर नव्हता असं लॉरेन्समधली अर्धी म्हातारी माणसं शपथेवर सांगतील.

विदर्भ_एक्सप्रेस
ते मूळ १३ नियमांचे कागद कुठं आहेत आता?

कडुलिंब
लॉरेन्सलाच. डिसेंबर २०१० मध्ये सदबीजच्या लिलावात डेव्हिड बूथ या माजी विद्यार्थ्यानं ४३ लाख डॉलरना विकत घेतले, आता फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत काचेआड ठेवलेत. टाइप केलेली दोन पानं, मध्ये हातानं केलेली दुरुस्ती. उजेड बेताचा ठेवलाय, त्यामुळे अगदी काचेला नाक लावून वाचावं लागतं. आल्यास जरूर या, मी घेऊन जाईन. फील्डहाउसमधला "बिवेअर ऑफ द फॉग" हा प्रसिद्ध फलकही बघा. १९८८ मध्ये वसतिगृहातल्या पोरांनी शॉवरचे पडदे काढून त्यांवर पहिला रंगवला होता.

मूळ प्रश्नावर येतो. सगळ्यांचं वाचून झालं, तरी मी ॲलनवरच ठाम आहे. स्पर्धा, फील्डहाउस, विल्ट, रप, स्मिथ, कुठलाही धागा ओढा, दुसरं टोक त्याच्या हातात सापडतं. शेवंतीताई म्हणतात ती दोन दशकंही त्याच हातात होती, आणि ॲलनबद्दल लिहिताना ती गाळून लिहिणं बरोबर नाही. मॅक्लेंडनवर मात्र चार परिच्छेदांत भागणार नाही. त्याच्यावर स्वतंत्र धागा तुम्हीच काढा.

शेवंती
काढते. या शनिवारी टाकते, रविवार सकाळच्या त्या सामन्यापासून सुरुवात करून. नागपाडा, त्यात वेगवान खेळाचे सराव कसे घ्यायचे यावर तुम्ही लिहा, मला कोर्टवरचं काही येत नाही.

नागपाडा_कोर्ट
लिहितो. तीन जणांचं विणकाम आणि कोर्टभर दबाव, दोन्ही आकृती काढून देतो.